हॉप्स गाळायचा फिल्टर: इतवारीतली जाळी, आर्गन वेल्डिंग आणि ६४० रुपये

घाईत असाल तर निकाल आधीच सांगून टाकतो. वीस-बावीस लिटरच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, हॉप्सचे (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे) पेलेट टाकून पाणी किंवा माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) उकळत असाल आणि शेवटी नळ चोक होऊन डोकं फिरत असेल, तर ऑनलाइन अडीच-तीन हजारांचा फिल्टर घेऊ नका. नागपूरच्या इतवारी बाजारात जा, ५० नंबरची (एका इंचात ५० भोकं असलेली) स्टीलची जाळी घ्या, सहा इंच रुंद डबा बनवून घ्या. माझे सगळे मिळून ६४० रुपये लागले, वर्ष होत आलं, वीसेक वेळा वापरून झाला, एकदाही नळ अडकला नाही. बाकी सगळं खाली सविस्तर लिहितो, कारण इथपर्यंत यायला मला तीन वेगळ्या गोष्टी करून पाहाव्या लागल्या आणि त्यातली प्रत्येक कुठे ना कुठे कामाची आहेच.

एक गोष्ट स्पष्ट करतो, मी बिअर बनवत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, लायसन्सशिवाय घरी दारू बनवता येत नाही, बिअरसुद्धा त्यातच आली, त्यामुळे तो विषय माझ्यापुरता बंद. मी बनवतो हॉप्सचं पाणी आणि जवाच्या माल्टचं बिन-अल्कोहोलचं पेय, म्हणजे यीस्ट टाकायचंच नाही, उकळायचं, गार करायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, पिताना अर्धा सोडा घालायचा आणि तीन दिवसांत संपवायचं. माझा भाचा पोर्टलंडला असतो, तिकडे अमेरिकेत १९७८ मध्येच केंद्राच्या कायद्यानं घरी पिण्यापुरती बिअर बनवायला मोकळीक दिली, घरात दोन मोठी माणसं असली तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत, तो तिकडे नेमानं बनवतो. पण गाळायची भानगड दोघांचीही सेमच. गंज तोच, हॉप्स तेच, चोकही तसंच.

ज्यांनी हॉप्स पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. ही एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं असतात, बिअरला जो कडवटपणा आणि तो संत्र्याच्या सालीसारखा वास असतो तो यांच्यामुळे. भांगेच्या कुळातलीच वेल आहे पण तशी नशा वगैरे काही नाही त्यात. आपल्या देशात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात याची शेती होते, जास्तीत जास्त माल मात्र बाहेरचाच. भाच्यानं एका दिवाळीला कॅस्केड नावाच्या जातीची पाकिटं आणली होती, ही जात १९७२ मध्ये तिकडच्या सरकारी संशोधनातून बाजारात आली आणि अमेरिकन बिअरची चवच तिनं बदलली असं तो सांगतो. मला एवढंच माहीत की पाकीट उघडलं आणि स्वयंपाकघरात नागपुरी संत्र सोलल्यासारखा वास सुटला, तेव्हापासून मी या नादाला लागलो.

आता मुद्द्याचं. हॉप्स दोन रूपात मिळतात, एक अख्खी वाळलेली फुलं आणि दुसरे पेलेट, म्हणजे फुलं दळून दाबून केलेल्या छोट्या हिरव्या गोळ्या, जनावरांच्या ढेपेच्या गोळ्या असतात ना तशा दिसतात. जास्त करून पेलेटच मिळतात आणि त्यांना टी-९० म्हणतात, कारण १०० किलो फुलांपासून साधारण ९० किलो पेलेट निघायचे. अख्खी फुलं गाळणं सोपं असतं, ती स्वतःच तळाशी बसून गाळणी बनतात. पेलेट गरम पाण्यात पडले की दोन मिनिटांत फुटतात, फुगतात आणि हिरवा चिखल होतो. मेथीची भाजी मिक्सरमधून काढल्यावर जसा लगदा होतो तसा. हा लगदा नळाकडे गेला की संपलं.

माझ्या पहिल्या खेपेला नेमकं हेच झालं. बारा लिटर पाणी, सव्वा किलो माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा तयार अर्क), ४० ग्रॅम पेलेट, गंजाला अर्धा इंची स्टीलचा बॉल वॉल्व्हचा नळ आधीच लावून घेतलेला, सगळं छान उकळलं, नळ उघडला, दीड-दोन लिटर आलं आणि मग धार बारीक होत होत थेंबावर आली. फुंकर मारून पाहिली, तार घालून पाहिली, शेवटी चहाच्या गाळणीनं वाटी वाटी गाळत बसलो, रात्रीचे साडेअकरा वाजले. अर्धं सांडलं, उरलं ते गढूळ आणि तुरट, कारण हॉप्स तोपर्यंत गरम पाण्यातच पडून होते. त्या रात्री ठरवलं की गाळायची व्यवस्था झाल्याशिवाय पुढचं पाकीट उघडायचं नाही.

पहिला उपाय घरातच होता, चक्का बांधायचं मलमलचं फडकं. नवं घेतलं, ४० रुपये. त्यात पेलेट टाकून सैल गाठ मारली आणि गंजात सोडलं. सैल म्हणजे खरंच सैल ठेवा बरं का, पेलेट फुगून कितीतरी जागा घेतात, मी पहिल्यांदा आवळून बांधलं तर मधले पेलेट कोरडेच राहिले, सोडून पाहिलं तर आत हिरवी गोळी तशीच. फडक्याचं काम चांगलं आहे, गाळ बाहेर येतच नाही. अडचण अशी की पाणी हॉप्समधून मोकळं फिरत नाही, त्यामुळे कडवटपणा कमी उतरतो, भाचा म्हणाला मामा पिशवीत टाकत असशील तर हॉप्स दहा टक्के जास्त घे, तसं केलं तर बरोबर आलं. दुसरी अडचण, वास. तीन वेळा धुतलं तरी फडक्याचा वास जात नाही आणि रंग पिवळा पडतो, त्यामुळे ते श्रीखंडाच्या कामाला परत वापरू नका, वेगळंच ठेवा. आणि शेवटी सांडशीनं पिळताना फार जोर लावला की तुरटपणा उतरतो, नुसतं निथळू द्यायचं. कधीतरी ३० ग्रॅम टाकून हॉप्सचं पाणी करणाऱ्याला हे फडकं पुरेसं आहे, उगाच पुढचं वाचून खर्चात पडू नका. मी मात्र दोन-तीनदा वेगवेगळ्या वेळी हॉप्स टाकतो, कडवटपणासाठी सुरुवातीला, वासासाठी शेवटच्या पाच मिनिटांत, प्रत्येक वेळी गरम गाठ सोडणं बांधणं मला जमत नाही, हात भाजतो.

दुसरा उपाय भाच्याचा. तिकडे गिझरला पाणी जोडायचा जो स्टीलची वेणी असलेला पाइप असतो, आपल्याकडे प्लंबर त्याला कनेक्शन पाइप म्हणतात, तो घ्यायचा, दोन्हीकडचे नट हेक्सॉ ब्लेडनं कापायचे, आतली रबरी नळी ओढून काढायची, उरते ती नुसती विणलेली स्टीलची नळी. तिचं एक टोक दुमडून स्टीलच्या तारेनं बांधायचं, दुसरं टोक गंजाच्या आतल्या निपलवर (नळाला जोडलेल्या छोट्या नळीवर) घालून होज क्लिपनं आवळायचं. नळी गंजाच्या तळाशी गोल फिरवून ठेवली की सगळीकडून पाणी आत येतं आणि गाळ बाहेर. कल्पना फार सुंदर आहे आणि अतिशय स्वस्त.

पण हा पाइप घेताना पाहून घ्या. मी आमच्या त्रिमूर्तीनगरच्या बाजूला एका हार्डवेअरच्या दुकानातून १२० रुपयांचा आणला, दिसायला चकाचक, घरी येऊन कापला तर वेणीत स्टीलच्या तारांसोबत चंदेरी नायलॉनचे धागे विणलेले. उकळत्या पाण्यात असलं काही टाकायचं नाही. ओळखायची सोपी पद्धत, टोकाचा एक धागा सोडवून गॅसवर धरा, वितळून गोळी झाली तर नायलॉन, लाल झाला तर तार. काही पाइपांत ॲल्युमिनियमची तार असते, ती वजनाला हलकी लागते आणि बोटात दाबली तर लगेच वाकून तशीच राहते, तीही नको, माल्टचं पाणी थोडं आंबट असतं. दुकानात सरळ ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा मागा आणि पाइपवर छापलेलं असेल तर वाचा. मला दुसऱ्या वेळी २१० रुपयांना चांगला मिळाला. रबरी नळी काढताना सरळ ओढलीत तर निघत नाही, वेणीची दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकलायची म्हणजे ती फुगून सैल होते, मग नळी अलगद सरकते. यात माझा अर्धा तास गेला होता, आता पाच मिनिटांत होतं.

निकाल काय? जवाचा दाणा भिजवून त्याचं पाणी काढायचं असेल तर हा पाइप एक नंबर. धान्याचे टरफल वेणीवर बसतं आणि तेच गाळणी बनतं, पाणी एकदम नितळ. अख्खी फुलं वापरत असाल तरी चालेल. पेलेटला मात्र हा टिकत नाही. लगदा वेणीच्या बारीक भोकांवर चिकटतो, सात-आठ मिनिटं धार मस्त येते आणि मग तेच, थेंब थेंब. भाच्याला विचारलं तुझं कसं चालतं रे, तर तो म्हणे मी अख्खी फुलंच वापरतो मामा. हे आधी सांगायला हवं होतं त्यानं. वेणी दबून चपटी होऊ नये म्हणून आत स्टीलच्या तारेची स्प्रिंग घालूनही पाहिली, थोडा फरक पडला, फार नाही. भांडी घासायची तारेची घासणी निपलभोवती गुंडाळायचा एक उपाय पण लोक करतात, मी एकदाच केला, स्वस्त घासणीची तार दुसऱ्याच दिवशी गंजली आणि तुकडे पडायला लागले, पिण्याच्या गोष्टीत मी ते परत करणार नाही.

तिसरी खरेदी तयार फिल्टरची. एका ऑनलाइन दुकानातून २८०० रुपयांचा लांबट डबा मागवला, तीन इंच रुंद, दहा इंच उंच, वर अडकवायला हूक. दिसायला देखणा, वेल्डिंग सफाईदार, यात शंका नाही. पण जाळी इतकी बारीक की डोळ्यांना भोक दिसत नाही. पेलेट टाकले आणि पाच मिनिटांत आतली पातळी आणि बाहेरची पातळी वेगळी झाली, बाहेरचं पाणी नळातून खाली जात होतं आणि डब्यात हिरवं पाणी तसंच भरलेलं, थपथप ठोकलं तर थोडं निथळायचं, परत थांबायचं. ग्राहक सेवेला विचारलं तर उत्तर आलं की जाळी जितकी बारीक तितकं उत्तम. वापरलेला माल परत घेत नाही म्हणाले. पैसे गेले ते गेले, पण त्या उत्तरावरच माझा सगळा विचार फिरला.

कारण ते उत्तर चुकीचं आहे. पेलेटसाठी जाळी बारीक नको, मोठी हवी. मोठी म्हणजे क्षेत्रफळानं मोठी. लगदा जाळीवर बसणारच, तो बसल्यावरही पाण्याला जायला जागा उरली पाहिजे. हिशेब करून पाहा, तीन इंच रुंद, दहा इंच उंच डब्याची जाळी होते साधारण १०० चौरस इंच, आणि सहा इंच रुंद, अकरा इंच उंच डब्याची २३५, म्हणजे दुपटीहून जास्त, त्यावर बसणारा थर अर्ध्याहून कमी जाडीचा. भोकाचंही तसंच. बाजारात जाळीचा नंबर म्हणजे एका इंचात किती भोकं, १०० नंबरचं भोक साधारण १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ५० नंबरचं ३००, ४० नंबरचं ४०० च्या आसपास. हॉप्सला ३०० ते ४०० ठीक. त्यातून थोडी भुकटी निसटते, निसटू द्या, ती तळाला बसते, तिचं काय करायचं ते पुढे सांगतो.

मग एका शनिवारी गंज पिशवीत घालून निघालो. सुभाषनगरहून मेट्रो पकडली, चितार ओळ चौकाला उतरलो, तिथून ई-रिक्षानं लोहा ओळीत. ज्यांनी लोहा ओळ पाहिली नाही त्यांना सांगतो, नट-बोल्टपासून साखळदंडापर्यंत काय पाहिजे ते इथे, गल्ली अरुंद, हातगाड्या, हमाल सळया खांद्यावर घेऊन चाललेले, गाडी घेऊन जायचा विचारच करू नका. दोन दुकानांत जाळी फक्त जीआय होती, म्हणजे लोखंडावर जस्त चढवलेली, ती खाण्यापिण्याला घ्यायची नाही, आंबट पाण्यात जस्त सुटतं. तिसऱ्या दुकानात म्हातारे काका बसले होते, त्यांनी विचारलं, "कायले पाह्यजे भाऊ जाळी? खिडकीले का?"

मी म्हटलं नाही काका, उकळतं पाणी गाळायला, ३०४ पाहिजे, ५० नंबर. ते एकदम सरळ बसले. म्हणाले, "मंग असं सांगा ना. कूलरवाल्या जाळीले हात नका लावू." आतून दोन गुंडाळ्या काढल्या, ४० आणि ५०, दोन्ही उजेडाला धरून दाखवल्या, भिंग दिलं हातात, मोजा म्हणाले. मी खरंच एका इंचात तारा मोजल्या, पन्नासच भरल्या. चौरस फुटाला ११० रुपये, मी दोन फूट बाय दीड फूट घेतली, ३३०. ते पुढे म्हणाले कापताना कडेला वीतभर कागदी टेप लावून मग कापा, तारा सुटत नाहीत आणि बोटं कापत नाहीत. एवढं शिकवून माल विकणारा दुकानदार मला तरी बऱ्याच दिवसांनी भेटला. घासाघीस मी केलीच नाही, त्यांनीच एक इंच जास्त कापून दिली.

काकांनीच वेल्डिंगवाला सांगितला, दोन गल्ल्या सोडून, स्टीलचे रेलिंग आणि किचनच्या ट्रॉल्या करणारा तरुण पोरगा. मला वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं हे. त्यानं आधीच सांगितलं, "जाळीले सरळ आर्गन मारलं तं भोक पडते भाऊ, तार जळून जाते. पट्टी लावा लागन." बरोबर होतं त्याचं. म्हणून उभ्या जोडावर जाळी अर्धा इंच एकावर एक घेऊन बाहेरून आणि आतून पातळ स्टीलची पट्टी धरली आणि स्पॉट मारत गेला, तळाला सहा इंचाची गोल चकती, तिच्या कडेला पण पट्टीचं कडं, वरच्या तोंडाला एक इंच रुंद पट्टीचं जाड कडं आणि त्यातून आरपार दोन सळया, चौदा इंच लांब, म्हणजे त्या गंजाच्या काठावर टेकतात आणि डबा आत लटकतो. गंज सोबत नेल्यामुळे माप तिथल्या तिथे घेतलं, तळापासून दोन इंच वर राहील असं ठेवलं, नाहीतर खालच्या आचेनं हॉप्स जळतील. पट्टी आणि सळयांचे ७० रुपये, मजुरी २४०. दीड तास लागला, मी तिथेच स्टुलावर बसलो होतो, दोन चहा झाले.

प्लास्टिकबद्दल एक शब्द. इंटरनेटवर असे फिल्टर बरेच जण पीव्हीसीच्या रिड्युसरला (मोठा पाइप लहान पाइपला जोडायच्या तुकड्याला) पिशवी बांधून करतात, तो प्लंबिंगच्या दुकानात पन्नास-साठ रुपयांत मिळतो, मलाही मोह झाला होता. साधा पीव्हीसी उकळत्या पाण्याच्या वाफेवर मऊ पडतो, आणि तो पिण्याच्या गरम पाण्यासाठी बनवलेलाच नाही. शंभर रुपये वाचवायला ते करू नका. तसंच पितळी निपल किंवा नळाबद्दल, पितळेत शिसं असू शकतं, मी सगळी जोडणी स्टीलचीच ठेवली, चेकनटसकट, वॉशर सिलिकॉनचा. आणि कोणी सोल्डर लावून जोड भरून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, त्या सोल्डरमध्येही शिसं असू शकतं.

घरी आणल्यावर लगेच वापरला नाही. नव्या जाळीवर तेल असतं, हात लावला तर काळं लागतं. आधी भांड्याच्या साबणानं, मग धुण्याचा सोडा घालून वीस मिनिटं उकळला. मग हॉप्स न वापरता चाचणी घेतली, आठवडाभराची वापरलेली चहापत्ती साठवली होती, ती उकळत्या पाण्यात टाकली आणि नळ सोडला. बरं झालं. तळाच्या कड्यापाशी एका जागी फट राहिली होती, तिथून पत्तीची रांगच बाहेर येत होती. दुसऱ्या दिवशी परत नेला, पोरानं काही न बोलता दोन स्पॉट मारून दिले, पैसे घेतले नाहीत. पेलेटचे दाम पाहता ही चाचणी सगळ्यांनी करावी, चहापत्ती फुकट आहे.

आणि मग पहिली खरी खेप. ४५ ग्रॅम पेलेट, तीन हप्त्यांत टाकले, नुसते वरून डब्यात सोडायचे, गाठ नाही काही नाही, सराट्याच्या (उलथन्याच्या) दांड्यानं आत थोडं ढवळायचं म्हणजे पाणी फिरत राहतं. पेलेट टाकल्याबरोबर फेस वर येतो, त्यामुळे आच आधी कमी करा, नाहीतर गॅसवर उतू जातं. उकळून झाल्यावर सळया धरून डबा वर उचलला, पाच मिनिटं तसाच काठावर आडवा टेकवून निथळू दिला, सगळा हिरवा लगदा आत, खाली गंजात फक्त सोनेरी पाणी. मी खरंच दोन मिनिटं नुसता पाहत राहिलो. नळ उघडला आणि बारा लिटरपैकी अकराच्या वर एका धारेत आलं.

भुकटी जी निसटते तिच्यासाठी डबा काढल्यावर सराट्यानं गंजातलं पाणी एकाच दिशेनं गोल गोल जोरात फिरवायचं, मग झाकण ठेवून पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. सगळा गाळ मधोमध ढिगारा करून बसतो. ग्लासात चहा ढवळला की पत्ती मधे गोळा होते ना, तेच. पत्ती कडेला जायला हवी ती मधे काहून येते हे १९२६ मध्ये आइनस्टाइननं समजावलं होतं, तळाशी घासल्यामुळे तिथलं पाणी हळू फिरतं आणि आतल्या बाजूला सरकतं, त्यासोबत पत्तीही. आपला नळ कडेला असतो, म्हणून कडेचं स्वच्छ पाणी आधी येतं. डबा आत असताना हे फिरवणं नीट होत नाही, आधी काढायचाच. आणि ज्यांना एक रुपयाही घालायचा नाही त्यांनी फिल्टरशिवाय नुसतं हेच करून पाहा, सपाट तळाच्या गंजात पेलेटचाही बराचसा गाळ मधे बसतो, फक्त शेवटचे दोन-अडीच लिटर सोडून द्यावे लागतात. माल्टचे पैसे मोजलेले असताना मला ते सोडवत नाही.

गार करणं हा नागपुरात वेगळाच विषय आहे. मे महिन्यात टाकीच्या नळालाच गरम पाणी येतं, ४५ डिग्रीत काय गार होणार. मी गंज मोठ्या टबात बर्फाच्या पाण्यात ठेवतो आणि मागच्या वर्षीच्या कूलरचा जुना पंप त्या टबात सोडतो, धुऊन, तो पाणी फिरवत राहतो, नुसत्या बर्फापेक्षा खूप लवकर गार होतं. पंप बाहेरच्या टबात, प्यायच्या पाण्यात नाही, आणि वायर-पिन कोरडी राहील असं बघा. हॉप्सची उघडी पाकिटं फ्रीजरमध्येच ठेवा, उन्हाळ्यात कपाटात ठेवलेलं एक पाकीट महिन्याभरात जुन्या चीजसारखं वास मारायला लागलं, फेकावं लागलं.

तक्रारी पण सांगतो, नाहीतर वाटेल दुकानदाराची जाहिरात करून राहिलो. तिसऱ्या वापरानंतर वेल्डच्या जागी तांबूस डाग आले. स्टील असून गंजतं कसं म्हणून घाबरलो, पोराला फोन केला, तो म्हणाला वेल्डच्या तापानं वरचा थर जातो तिथे असं होते. किराणा ओळीतून लिंबूसत्व आणलं, लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे, अर्धा तास बुडवून ठेवलं, डाग गेले आणि परत आले नाहीत. आता वाटतं हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दुसरं म्हणजे उभ्या जोडाच्या आतल्या बाजूला एका तारेचं टोक उभं आहे, धुताना दोनदा बोटाला लागलं, कानशीनं घासून घेतलं तरी हातमोजे घालूनच धुतो. डबा उलटा धरून बाहेरून पाणी मारायचं, आतून घासायचं नाही, घासलं की लगदा भोकात घट्ट बसतो. आणि लगदा वाळू द्यायचा नाही, लगेच धुवा, एकदा सकाळवर ठेवला होता तर भोकं मोकळी करायला सोड्यात तासभर उकळावा लागला. ठेवायलाही जागा खातो, सळया आडव्या येतात, पुढचा करीन तेव्हा सळया सुट्या निघतील अशा करून घेईन.

एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. वापरलेले हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात. खाल्ले तर त्यांचा ताप भराभर चढतो, जीव जाऊ शकतो, आणि माल्टचा गोड वास असल्यामुळे ते खातात. गल्लीच्या कोपऱ्यावर किंवा उघड्या कचऱ्यात हा लगदा टाकू नका. आमच्या गल्लीत चार कुत्री आहेत, त्यातली एक तर रोज संध्याकाळी दारात येऊन बसते. मी लगदा झाकणाच्या बादलीत मातीत मिसळून गच्चीवर ठेवतो, दोन-तीन महिन्यांत खत होतं, कुंडीतही झाकण ठेवतो तोपर्यंत.

मार्क द्यायचे तर फडक्याला पाचपैकी तीन, पाइपच्या वेणीला पेलेटसाठी दोन पण धान्यासाठी साडेचार, २८०० वाल्याला दीड, आणि इतवारीच्या डब्याला साडेचार, अर्धा मार्क त्या टोचणाऱ्या तारेचा आणि डागांचा कापला. जाळीच्या काकांना आणि वेल्डिंगच्या पोराला पाचपैकी पाच.

जाणार असाल तर गंज सोबत न्या, नुसतं माप लिहून नेलं तर सळया आखूड पडतील. सकाळी अकरानंतर जा, पोरगा दुपारी दोनला जेवायला जातो आणि जाळीचं काम तो घाईत करत नाही. आणि त्याला आधीच सांगा की आतल्या बाजूच्या सगळ्या तारा दुमडून पट्टीखाली घे, मला ते तेव्हा सुचलं नव्हतं. मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या काकूंनी गुळवेलीचा काढा गाळायला असाच छोटा डबा करून घेतला, चार इंचाचा, ४० नंबरची जाळी, त्यांना मी हे सांगून पाठवलं होतं, त्यांच्या डब्यात हात फिरवला तर कुठे काही लागत नाही.